एक वर्ष, वडनेरचं लग्न वगळून

मंगळ., ३ फेब्रु.
दारू सोडल्याला आज ३५६ दिवस झाले. सुनंदाने सकाळी कॅलेंडरवर फुली मारून तसं जाहीर केलं. घरात या विषयातला शेवटचा शब्द बायकोचाच.
आकडा चुकीचा आहे. हे फक्त मला माहीत.
२३ नोव्हें., वडनेर भोलजी, तिच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न. मंडपामागे जीपच्या बॉनेटवर बाटली. एक ग्लास घेतला. आग्रह कुणाचा नव्हता. उलट एक जण म्हणाला, "साहेब, तुमची तं बंद हाय ना?" मी म्हणालो, आज चालू. मग दोन पानं, मूठभर बडीशेप. पंगतीत सुनंदाने वाढप्याला थांबवलं, "यायले अजून एक गुलाबजाम टाका. सोडल्यापासून यायले गोड लागते." खाल्ला.
दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या गटाच्या नियमाने मोजणी तिथून नव्याने. म्हणजे आज ७२.
चोवीस वर्षं तालुका वार्ताहर आहे. दुसऱ्याच्या आकड्यात गडबड दिसली की तहसील कार्यालयात फोन लावतो.

गुरु., ५ फेब्रु.
मीटिंग. शाळेचा तिसरीचा वर्ग, गुडघे हनुवटीला टेकतात. रामभाऊ (निवृत्त पोस्टमास्तर, चौदा वर्षं कोरडे, आमच्यात सर्वांत जुने) म्हणाले, "वसंता, पुढच्या गुरुवारी तुहा वाढदिवस." वर्ष भरलं की केक कापायचा, घरच्या माणसाने येऊन दोन शब्द बोलायचे, ही रीत.
सुनंदा आजवर एकदाही आलेली नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "आधी वर्ष भरू द्या. मंग येईन."
हात वर केला. "रामभाऊ, एक खुलासा करायचा होता..." तेवढ्यात चहा आला. चहापुढे तिथे कुणाचं चालत नाही. खुलासा राहिला.
राहू दिला.
घरी आल्यावर तिला सांगितलं, पुढच्या गुरुवारी आहे. "येतो तं," म्हणाली, आणि लगेच हिवरा आश्रमला बहिणीला फोन. तीही येणार. पेढे घेऊन.

शनि., ७ फेब्रु.
सुनंदाने भाषण लिहिलंय. वहीचं दीड पान. "जरा शुद्ध करून द्या. तुमी पेपरवाले."
लाल पेन घेऊन बसलो. 'यांच्या चपलेच्या आवाजावरून मला कळायचं, आज किती झाली.' राहू दिलं. 'आता तोच आवाज आला की मी पोळी तव्यावर टाकते.' हेही. पुढे: 'वर्षभरात एक थेंब नाही.'
म्हणालो, हे वाक्य काढलं तर बरं. लांबतंय.
"लांबते? म्या काय पेपरात छापाले दिलं?"
"तरी पण..."
"तेच तं सांगाचं हाय मले. बाकी सारं कापा."
काहीच कापलं नाही. दोन वेलांट्या दुरुस्त करून कागद परत दिला. इतकं वाईट संपादन आयुष्यात केलं नाही.

सोम., ९ फेब्रु.
चौकात माझा फ्लेक्स लागला. दहा बाय आठ.
गजूचं काम. गटात सात महिने झाले त्याला, धंदा फ्लेक्स छपाईचा. मलकापुरात वाढदिवस म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. 'निर्भीड पत्रकार वसंतभाऊ यांना दारूमुक्त जीवनाच्या प्रथम वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' फोटोत मला काळा गॉगल, जो मी जन्मात घातलेला नाही. खाली शुभेच्छुक: अकरा करडे गोल. नाव नाही, चेहरा नाही.
"गुप्तता पाळली, भाऊ," गजू म्हणतो. गटातलं कुणाचंही नाव बाहेर जायचं नाही, हा पहिला नियम.
"अन् माझी?"
"तुमचा तं वाढदिवस हाय ना!"
"देशी दुकानाच्या समोरच काऊन लावला बे?"
"तिथंच गर्दी राह्यते, भाऊ."
चहाच्या टपरीवर विचारणा, "साहेब, कोण्या पक्षाकून उभे राहून राह्यले?" दुपारपर्यंत दोन पक्षांच्या कार्यालयांतून फोन. दोघांनी चौकशी केली की ते अकरा गोल कोणत्या वॉर्डातले. जिल्हा कार्यालयातून उपसंपादक: "फोटो पाठवा, चौकट करू." म्हणालो, बातमी पक्की नाही, थांबा.
सुनंदा भाजी आणायला म्हणून दोनदा चौकात जाऊन आली. भाजी एकदाच आणली.

मंगळ., १० फेब्रु.
रामभाऊंनी गजूला फोनवर इतकं झापलं की तो फ्लेक्स काढायला एकटा जाईना. मी गेलो सोबत. दोरी सोडत होतो, खाली दोन माणसं वाचत उभी. त्यातला एक, हमालाचा शर्ट, सकाळचे नऊ आणि वास येत होता. म्हणाला, "खरंच सुटते का हो? तुमची तं वर्षभर सुटली."
दोरी हातातच राहिली. मीटिंगची वेळ सांगितली, वार सांगितला. विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही.
तिथून थेट रामभाऊंकडे. वडनेरचं सांगितलं. ते नातवाच्या सायकलची चेन बसवत होते, बसवतच राहिले.
"घरी सांगतलं?"
"नाही."
"मंग मले काऊन सांगून राह्यला? म्या काय तुह्या कॅलेंडरवर फुल्या मारतो?"

बुध., ११ फेब्रु.
सांगितलं.
उद्याच्या साडीला इस्त्री करत होती. म्हणालो, वडनेरच्या लग्नात घेतली होती, एक ग्लास. इस्त्री उभी केली तिने.
"जेवाच्या आधी का नंतर?"
"आधी."
"म्हंजे म्या गुलाबजाम वाढाले लावला तवा..."
"हो."
"अजून कवा?"
"नाही. तेवढीच."
"अन् हे आज सांगून राह्यले. माहं भाषण पाठ झाल्यावर."
साडी घडी न मोडता कपाटात. मग एवढंच, "बहिणीले फोन तुमीच करा. काऊन येऊ नको, ते बी तुमीच सांगा."
केला. मेहुणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "भाऊजी, मंग त्या दोन किलो पेढ्याचं काय करू?"
आज फुली मारलेली नाही.

गुरु., १२ फेब्रु.
एकटाच गेलो. उभा राहिलो. "मी वसंता, मी दारुडा आहे. आज ८१ दिवस." गटातले अकरा, शिवाय फ्लेक्स वाचून आलेले दोघे नवे. सगळं सांगितलं, फ्लेक्सच्या गॉगलसकट. हसले. गुलाबजामचं सांगताना मात्र कुणी हसलं नाही.
गजू केक घेऊन आला होता, वर '१ वर्ष'. माझं ऐकून त्याने वर्गातली फूटपट्टी घेतली आणि आकडा पुसून क्रीम सारखं केलं. फार मनापासून.
हमालाच्या शर्टवाला म्हणाला, "म्हंजे चुकल्यावर बी येता येते इथं?"
रामभाऊ: "तवाच तं यावं लागते. घे, केक खा."
आठला घरी. ताट वाढलेलं.
"सांगतलं?"
"सांगितलं."
"काय म्हणे लोकं?"
"केक खाल्ला."
ती हसली असं लिहिणार नाही. नाकातून आवाज आला.

रवि., १५ फेब्रु.
८४. हा आकडा मीच धरलाय, घरातून मान्यता नाही. ११ पासून कॅलेंडर कोरं. बोलणं कामापुरतं: गॅस, दूध, लाइट बिल. काल भाषणाचा कागद डब्यांच्या फळीवर दिसला. फाडलेला नाही. 'एक थेंब नाही' पेन्सिलीने खोडलंय, पुढे जागा मोकळी सोडलीय. मी हात लावला नाही.
दुपारी रामभाऊंचा फोन. गुरुवारी मीटिंग आहेच, पण शिवजयंतीची मिरवणूक असल्याने शाळेकडचा रस्ता बंद राहील. गाडी न्यायची नाही.
सुनंदा तांदूळ निवडत होती. फोन ठेवल्यावर वर न बघता म्हणाली, "पायी किती लागते तिथं?"
"वीस मिनिटं."
"माह्या पायानं पंचवीस."
म्हणालो, मीटिंग साडेसहाची. म्हणजे सहाला निघावं लागेल.
तिने तांदूळ सुपात घेऊन पाखडायला सुरुवात केली.