वाटाण्याचा ताप

प्रिय दादा,

हे पत्र लिहायचं टाळता टाळता माझी खोली चकचकीत झाली. आधी केर काढला, मग पंखा पुसला, मग शेजारणीच्या मांजराशी उगाच भांडण उकरून काढलं. आता टाळायला काही उरलं नाही.

तुला माझं काम सांगते, हसू नकोस. मी वाटाण्याला ताप आणते. रोपाला उगवताना खायला म्हणून बी आपल्या पोटात प्रथिनं साठवून ठेवतं. वाटाण्याचं पीठ मिठाच्या पाण्यात घुसळायचं, वरचं पाणी यंत्रात घालून हळूहळू तापवायचं आणि प्रथिनाची घडी कितव्या अंशाला मोडते ते बघायचं. बेकरीत मला आठवड्यात कंटाळा आला होता, रोपवाटिकेत तर त्याआधीच. इथे प्रयोगशाळेत मात्र यंत्रावरची ती रेघ चढायला लागली की मी चहासुद्धा विसरते. मी, चहा!

परवा खिडकीबाहेर दोन रंगारी शिडीवरून भांडत होते. ते बघण्याच्या नादात एका नमुन्यात मीठ दोनदा पडलं. बाकीच्या नमुन्यांनी केव्हाच मान टाकली, हा पठ्ठ्या उकळीपर्यंत हटून बसला. आमच्या प्रमुख मॅडम खूश, नवीन वाण सापडलं म्हणून. गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. पण मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, मीठ वाढलं की ही प्रथिनं जास्त उष्णता सोसतात, हे आम्हाला माहीत आहे गं, तू किती खरी आहेस तेवढं कळायचं होतं. आणि तिथल्या तिथे विचारलं, कायमची राहशील का?

मी हो म्हणाले. एका जागी राहायला हो म्हणाले, दादा, आणि बॅग भरावीशीही वाटली नाही. धास्ती आहे ती बाबांची. या महिन्यात परत येऊन दुकानात बस, नाहीतर पुन्हा विचारणार नाही, असं त्यांनी बजावलंय. रविवारी मी त्यांना फोनवर सांगणार होते, पण तासभर वाटाण्यांवरच बोलत राहिले. ते नुसतं 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र. माझ्या वतीने तूच त्यांना सांग, आणि ते रागावले तरी मला तोडू नका म्हणावं.

थांब, खालून कोणीतरी हाक मारतंय. अरे, बाबा आलेत. जिन्यात उभे राहून घरमालकिणीला विचारतायत, पोरीच्या खोलीत थंडी फार वाजते का. खांद्यावर माझी घरची झोपायची गादी आहे.

तुझीच,
भिंगरी