अकरा जणांत मी नाही

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

पीटर म्हणून चक्क आमचा मलप्पा! तोही पोर्तुगालच्या चर्चमध्ये!

अमरेशनं आज घरच्या ग्रुपवर चित्र टाकलं. माझा हा धाकटा भाऊ दोन वर्षं तिकडं येशूच्या बारा शिष्यांची चित्रं काढतोय. हे आठवं. खाली लिहिलंय संत पीटर, आणि वर आमच्या आडतीवरचा हमाल — तेच टक्कल, तोच पुढचा तुटका दात. मी ते मलप्पाला पाठवलं, तर तो मोंढाभर, अख्ख्या धान्यबाजारात, मोबाइल दाखवत फिरला. "मालक, मी संत झालो की!" मीही हसलो. पण घरी येऊन आधीची सात पुन्हा पाहिली. एक आमचा न्हावी. एक औशाच्या गाडीवरचा कंडक्टर. सगळे लातूरचे! मग मी कुठं आहे?

९ फेब्रुवारी

अमरेश ओळखीच्या माणसाशिवाय तोंड काढतच नाही. लहानपणी शाळेच्या भिंतीवर रावण काढला, त्याला हेडमास्तरांच्या मिशा दिल्या. मार मी खाल्ला. म्हणजे कुणाला कुठं बसवायचं हे त्याचं ठरलेलं असतं.

येशू त्यानं सगळ्यांत आधी काढला. त्याचं कपाळ आणि डोळे आमच्या अव्वाचे, आईचे आहेत. मी कुणाला बोललो नाही, पण दिसतं ते दिसतंच. अव्वा असताना अमरेशच्या गळ्यात आम्हा लिंगायतांचं लिंग, आणि उशाशी बायबल. "धर्म बदलला न्हाई अण्णा, पण येशूची गोष्ट मनातून जाईना," म्हणायचा. अव्वा म्हणायची, वाचू दे की त्याला. त्याला सगळं माफ!

११ फेब्रुवारी

नीलम्मा गच्चीवर फोनवर बोलत होती. मी गेलो, तशी गप. "कोण?" "अमरेश भाऊजी." "काय म्हणत होता?" "काही न्हाई." अर्धा तास काही न्हाई! माझी बायको आणि माझा भाऊ — माझ्या पाठीमागं यांचं काय शिजतंय?

१८ फेब्रुवारी

शिवमूर्ती सर भेटले. अमरेशचे चित्रकलेचे मास्तर, बायबल वाचलेला माझ्या ओळखीतला दुसरा माणूस. सहज म्हणून विचारलं, हे बारा जण होते तरी कोण?

"त्यातला एक फितूर, भीमाशंकर. यहूदा. जवळ जाऊन मुका घेतला, अन् तसंच धरून दिलं येशूला. आपल्याच माणसाला!"

अर्धा चहा तसाच ठेवून मी घरी आलो.

१९ फेब्रुवारी

इथं तरी खरं लिहितो.

भाद्रपदात अव्वा अंथरुणाला खिळली. दहा दिवस. मी अमरेशला कळवलं नाही. लोकांना सांगितलं, त्याचं काम मोडलं असतं. खोटं! मला राग होता. दहा वर्षं तिचं दुखणं-खुपणं आम्ही काढलं आणि ती नाव त्याचं घ्यायची. शेवटच्या दिवशी विचारलं, "अमऱ्या निघाला का रे?" मी म्हणालो, "हाव अव्वा, विमानात बसलाय." ती हसली. संध्याकाळी गेली. समाधी दिल्यावर मी त्याला फोन केला. तो फक्त "बरं" म्हणाला.

विमानाचं बोललो तेव्हा खोलीत नीलम्मा होती. तिनं त्याला सांगितलं असणार. नक्कीच!

२ मार्च

अकरावं आलं. देगलूरचे आमचे मामा! ज्यांनी त्याला कधी चहासुद्धा पाजला नाही, ते संत.

अकरांत मी नाही. उरला एकच.

५ मार्च

राहवेना. फोन लावला. "बाराव्याचं कुठवर आलं?"

"जमंना झालंय, अण्णा. तीनदा पुसलं. तोंड लई जवळचं हाय."

जवळचं! पुढं विचारायची छाती झाली नाही. उद्या मोंढ्यात सगळे फोन काढून बघतील. मलप्पा संत, आणि मालक फितूर.

८ मार्च, महाशिवरात्र

उपास. पूजेत मन नाही. लिंग तळहातावर धरलं आणि डोळ्यासमोर अव्वाचं हसणं.

दुपारी अमरेशला आवाजात निरोप पाठवला. सगळं सांगून टाकलं — कळवलं नाही ते, विमानाचं, रागाचंही. म्हटलं, काढ माझं तोंड, माझी तक्रार नाही. पण एकदा घरी ये.

त्यानं ऐकलंय. खुणा निळ्या झाल्या.

९ मार्च

उत्तर नाही. नीलम्मा सारखी माझ्याकडं बघते.

१० मार्च, रविवार

बारावं आलं. यहूदा म्हणून अमरेश स्वतः. खाली एवढंच — "अण्णा, अव्वा जायच्या आठ दिवस आधीच वहिनीनं मला कळवलं होतं. मीच निघालो न्हाई."

नीलम्माला विचारलं. "हाव," म्हणाली. "रोज फोन करायचे मी. काम सोडून येता येईना म्हणायचे भाऊजी. म्हणून तुम्ही अव्वाला विमानाचं सांगितलं, तेव्हा मी गप बसले. तेवढं एक तुम्ही बरं केलं."