धुऱ्यावरचा ढीग

२८ एप्रिल
हॉस्टेल रिकामं. मेस बंद, म्हणजे सकाळी पोहे, संध्याकाळीही पोहे. प्राचीनं पुण्याहून फोटो पाठवला, क्लासमध्ये एसी आहे म्हणे. ही आमच्या हरित गटाची अध्यक्ष. 'धूरमुक्त शिवार' मोहिमेचे जागेवर उरलेले कार्यकर्ते: मी.

दुपारी दादारावकाकांकडे. आमच्या कृषी कॉलेजच्या मागेच त्यांचं कपाशीचं वावर. फेब्रुवारीत अख्खं गाव पऱ्हाटी, कपाशीची वेचून झालेली झाडं, उपटून जाळत होतं, तेव्हा मी घरोघर फिरले. जाळू नका, धूर होतो, हवा तापते, मातीतला जीव मरतो. कॉलेजची मशीन येईल, चुरा करेल, तोच वावरात पसरू. गाव हसलं. काका एकटे थांबले. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ढीग तसाच, माझ्यापेक्षा उंच. काकांनी मशीनचं विचारलं नाही, ताक दिलं. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

४ मे
मशीन सापडली. मुख्य इमारतीच्या पोर्चमध्ये उभी. ताजा हिरवा रंग, समोर पाटी: 'रंग ओला आहे, हात लावू नये'. मार्चमध्ये काकांच्याच वावरात थोडा वेळ चालवली होती, फोटोपुरती, आणि लगेच परत नेली. आता मूल्यांकन समिती येणार, तिला दाखवायची आहे. प्राचार्य म्हणाले, समिती जाऊ द्या, मग न्या. समिती कधी? तारीख ठरायची आहे.

दाखवायला मशीन लागते, चालवायला नाही. हे मनात. तोंडाने "हो सर". मला माझा राग येतो तो याचाच.

११ मे
कूलर नुसती गरम हवा फेकतो. गटाच्या ग्रुपवर लिहिलं, सगळे मिळून प्राचार्यांकडे जाऊ. एकाची परीक्षा, एकाच्या बहिणीचं लग्न, एकीने नमस्काराचे हात पाठवले. कशाला नमस्कार, कोण जाणे.

मग प्राचीचा फोन. म्हणाली, "निलू, एका ढिगानं काय होणार आहे? पृथ्वी तापायची थांबेल?"
म्हटलं, फेब्रुवारीत गावातली माणसं आपल्याला हेच तर म्हणत होती.
मग तिच्या क्लासची वेळ झाली. फोन ठेवल्यावर रडले थोडी. दिवसभरात तेवढंच बोलणं झालं होतं कुणाशी.

१९ मे
काका हॉस्टेलच्या गेटवर. कधी येत नाहीत. रुमालात ढिगातली वाळकी बोंडं. एक फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी, जिवंत.
"पाणी आलं का याचे पाखरं होतात बेटा, अन् नव्या पऱ्हाटीवर जाऊन बसतात. बाजूवाले म्हणून राह्यले, तुह्या ढिगापायी आमचंबी जाईन."

हे मला माहीत होतं. पेपरात लिहून मार्क घेतलेत. पण मशीन येणारच होती ना, म्हणून तो धडा मी जणू आमच्यासाठी नव्हताच असा बाजूला ठेवला.

विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "मी तुह्या शब्दावर थांबलो. तू म्हणशीन तसं."
याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर.

२९ मे, कळंब
ईदला घरी आले, अजून घर पाहुण्यांनी भरलेलं. सगळे विचारतात, निलोफर, नोकरी कधी? ढिगाचं कुणाला सांगणार. शेवटी अब्बांच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले. त्यांना सांगितलं.
"वादा किसने किया था? तूने, के कॉलेज ने?"
"मैंने."
अब्बा पाना पुसत राहिले. निघताना डब्यात मटण दिलं, दोन दिवस पुरेल एवढं.

२ जून
समिती ९ तारखेला. तिच्यापुढे मी बोलायचं आहे: 'धूरमुक्त शिवार: एक यशोगाथा'. नाव छापूनसुद्धा झालं, मला न विचारता. म्हटलं, सर, आधी मशीन एक दिवस द्या. प्राचार्य म्हणाले, रंग खराब होईल. वर, "तुम्ही शिकलेल्या मुली, एवढं समजून घ्या."
बाहेर आले तर आभाळ भरलेलं.

५ जून
जाळला.

सकाळी वावरात जाऊन काकांना म्हटलं, जाळा.
"तूच सांगून राह्यली होती ना, जाळू नका म्हून?"
हो म्हटलं. आता मीच सांगते.
त्यांनी काडीपेटी पुढे धरली. रागाने नाही. मी घेतली. वाळकी पऱ्हाटी भसकन पेटली, आम्ही दोघं मागे सरलो. डोळे चुरचुरले ते नुसत्या धुराने नाही. एवढे महिने ज्याच्याविरुद्ध बोलले तोच धूर, आणि माझं चुकलं असंही वाटेना. दोन्ही एकदम.

कॉलेजात पर्यावरण दिन चालू होता, झाडं लावणं वगैरे. तिथून धूर दिसला. कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला, खाली प्राचार्यांचा निरोप: समिती तोंडावर असताना हे कोणी केलं? नाव कळवा.
लिहिलं: मी. निलोफर.
सगळ्यांनी पाहिलं. प्राचीनेसुद्धा.

६ जून
प्राचार्यांनी सोमवारी बोलावलंय. भाषणातून नाव काढलं की नाही, कळत नाही. काढलं नाही तर जे घडलं तेच बोलणार. काढलं तर कुणाला सांगणार, हा प्रश्न आहे.

सकाळी काकांचा फोन. राख वावरात पसरली म्हणाले, पेरणीची तयारी चालली आहे. मग विचारलं,
"येत्या साली मशीन येईन का वं? येईन म्हणशीन तर पुन्हा थांबतो. आणखी दोघं-तिघं थांबतीन म्हणतात."
मी म्हटलं, कॉलेज काय करेल ते...
"कॉलेजचं नाही इचारलं. तुहं सांग."

माझं शेवटचं वर्ष संपलं. पुढच्या फेब्रुवारीत मी कुठे असेन मलाच माहीत नाही. हे त्यांना सांगायला हवं होतं. म्हटलं, काका, संध्याकाळी फोन करते.