भैरू वाट चुकतो

कशेळे
१८ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

चि. रुचिता हिला आबाकाकांचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पुडकं पोचलं. फोनच करणार होतो, पण फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि दोघांचंही ऐकायचं राहतं. म्हणून कागद बरा. इकडे भात झोडून झालं, पेंढा रचला, मोकळ्या शेतात वाल टाकलाय. तुझी काकू बरी आहे. गुडघा सोडला तर आपलं कुणाशी वैर नाही, असं ती म्हणते. त्या कुणात मीही आलो, असं मी आपलं समजून घेतो.

जावईबापूंची चित्रं पाहिली. हर्षदरावांच्या हाताला गुण आहे, हे त्यांना माझ्या नावाने सांग. करवंदीची जाळी अशी काढलीय की बोट लावायला भीती वाटावी. आमच्या वेळी मासिकात सगळा काळ्या शाईचा कारभार, आणि कागद एवढा पातळ की पाठीमागच्या पानावरचं गणिताचं कोडं भैरूच्या मुंडाशातून दिसायचं. तरी पोरं त्या मासिकासाठी जीव टाकायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कविता चालीवर म्हणून घ्यायला लागलो की अर्ध्या वर्गाचे डोळे दाराकडे. तोंडं सुरात, डोळे दारात. मीही फळ्याशी उभा राहून मनातल्या मनात भैरूला पुढच्या डोंगरावर चढवत असे. जाऊ दे, म्हातारा एकदा सुटला की सुटतो.

मुद्द्याचं लिहितो. अकराव्या पानावर भैरू वाट चुकतो. मला आधी वाटलं पानं मागेपुढे लागली असतील. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नंतर पुढचं वाचवेना. शेवटच्या पानावर माझ्या जुन्या दोन ओळी ठेवल्या आहेस एवढं पाहिलं आणि पुडकं बाजूला ठेवलं.

बाळ, भैरू वाट चुकत नाही. तीसएक वर्षं मी त्याच्या गोष्टी लिहिल्या. घाटाखालचा साधा वाटाड्या, लोकांना डोंगरापार नेतो, आणि वाटाड्या असूनही सगळ्यांच्या मागे चालतो. तो उडत नाही, कुणाला बुक्के मारत नाही. मागे चालणं आणि न चुकणं, एवढ्यावर त्याचा प्रपंच. म्हणून तर प्रत्येक गोष्टीखाली छापून यायचं,

पुढे कुणीही जावो बापडा, मागे भैरू आहे
दमेल त्याच्या पायासाठी वाटही थांबुन राहे

मासिक बंद पडून इतकी वर्षं झाल्यावर पुण्याच्या प्रकाशकांना भैरू आठवला, नवी चित्रकथेची पुस्तकं काढायचं ठरलं आणि लिहायला त्यांनी तुला निवडलं, तेव्हा मी कशेळ्याच्या बाजारात पेढे वाटले. नवं माणूस नवं लिहिणार, हे मला कळतं. पण दुसऱ्याच्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी देव्हारा हलवायचा का?

प्रकाशकांचा संमतीचा कागद माझ्यापाशी आहे. अकरावं पान असंच राहणार असेल तर त्यावर माझी सही होणार नाही. रागाने लिहीत नाही. काकूला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, चुकला तर चुकला तुमचा भैरू, तुमी कशाला आमटी थंड करताय.

कमी लिहिलंय, उरलेलं तू जाणतेस. भांडण कागदापुरतं असू दे, माया घरात.

तुझा आबाकाका


लोधिवली
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आबाकाकांच्या पायांवर डोकं ठेवून रुचिताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी हर्षदला म्हटलं, देव्हारा हलवला म्हणे आपण. तो म्हणाला, आधी माझ्या हाताला गुण आहे ते पुन्हा वाच. तेव्हापासून तो घरात हात दाखवत फिरतोय. भांडी घासायला मात्र त्या हाताला गुण नाही.

काका, आता माझं ऐका. तुमच्या गोष्टी मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. भैरूचा वाघ्या कुत्रा पुरात वाहून गेला होता. पुढच्या दिवाळीच्या अंकात तो शेपूट हलवत हजर. कुठून आला, कसा आला, एक अक्षर नाही. मी दुसरीत होते, बाबांना विचारलं, तर बाबा म्हणाले, आबादादाला विचार. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही मला चिक्की दिलीत. मेलेला कुत्रा परत येतो तेव्हा देव्हारा हलत नाही, आणि जिवंत माणूस एकदा वाट चुकला की हलतो?

अकरावं पान मी उगाच लिहिलेलं नाही. लिहिण्याआधी मी आणि हर्षद तुमच्या पहिल्या गोष्टीतल्या वाटेने गेलो होतो. ओढा ओलांडायचा, मग आंबा, आंब्यापासून डावीकडे. ओढा आहे. आंबाही आहे, पण तो आता कुणाच्या तरी फार्महाऊसच्या कुंपणात आहे. फाटकावरचा माणूस चांगला होता, विचारलं त्याने, किसके यहाँ जाना है. आता त्याला काय सांगू, भैरूकडे? डावीकडे प्लॉटच्या भिंती, त्यापुढे मातीचा भराव. आम्ही तासभर फिरलो आणि निघालो तिथेच आलो. आजचा भैरू इथे चुकला नाही तर मुलं म्हणतील हा खोटारडा आहे.

आणि कधीच न चुकणाऱ्या माणसाच्या गोष्टीत पान उलटायचं कशाला? तुम्ही आखून दिलेल्या घरात मी नुसती झाडलोट करायची असेल तर ते काम प्रकाशकांना कुणाकडूनही करून घेता येईल.

हे जरा जास्त झालं. खोडत नाही, खोडलं तरी तुम्ही उजेडात धरून वाचाल.

खरी अडचण सांगते. डिसेंबरअखेर तुमची सही आली नाही तर प्रकाशक भैरू सोडून देणार आहेत. हे माझं पहिलं पुस्तक आहे, काका. कंपनीतून आल्यावर रोज स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून लिहिलंय. तरी तुम्हाला डावलून मी काही करणार नाही. तुमच्या मनाविरुद्ध छापलेला भैरू मला नकोच आहे. पण अकरावं पान काढून टाकलेलाही नकोय. आता काय करू ते तुम्हीच सांगा.

काकूला आमटीबद्दल माझा पाठिंबा कळवा. लोभ होता तेवढाच मागते, वाढवून नको.

तुमची रुचिता


कशेळे
४ डिसेंबर २०२४

॥ श्री ॥

चि. रुचिताला आणि हर्षदरावांना आशीर्वाद. वि. वि.

वाघ्याचं तू बरोबर धरलंस. तो वाहून गेला त्या महिन्यात चौथीचा वर्ग रडला होता. डबे तसेच परत गेले. म्हणून मी त्याला आणला. कसा आणला ते लिहायला जागा नव्हती आणि खरं सांगायचं तर सुचलंही नव्हतं. चिक्कीचं मला आठवत नाही, पण मी देऊ शकतो.

त्या आंब्याचं वाचून दोन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. त्याच्याखाली बसून आम्ही शाळेतल्या सगळ्या कविता म्हणत असू. वरून मोहोर गळायचा, खाली यमकं जुळायची. तिथे आता फाटक आहे. ठीक आहे.

पण भैरूचं कारण तुला सांगितलं पाहिजे, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दोनतीन गोष्टींत भैरू पुढेच चालायचा, इतर वाटाड्यांसारखा. तेव्हा आमच्या शाळेत डोंगरावरच्या वाडीतून मुलं चालत यायची. त्यांत मैना सगळ्यांत लहान. रोज रडवेली यायची. एकदा जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, मोठी पोरं फुडं पळतात, माज्या मागं कोन नाय. एवढंच. त्या महिन्याच्या गोष्टीत मी भैरूला मागे आणला, आणि वर्गात वाचून दाखवताना म्हटलं, शेवटी चालणाऱ्याच्या मागे भैरू असतो आणि तो कधी वाट चुकत नाही. पोरीचं रडणं थांबलं. मोठी झाल्यावर मला सांगायची, गुरुजी, मी मागं वळूनसुद्धा बघायची नाही, ठाऊक होतं ना.

आता सांग. तो चुकतो असं मी कोणत्या तोंडाने मान्य करू? मी ते नुसतं कागदावर लिहिलं नव्हतं, एका लेकराला सांगितलं होतं.

मैना आता रसायनीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. तुझ्या कंपनीपासून लांब नाही. तिला तुझी पानं दाखव. ती हो म्हणाली तर मी पुन्हा विचार करीन. नाही म्हणाली तर मग तूही हट्ट सोड.

वाल चांगला वर आलाय, जानेवारीअखेर शेंगा धरतील. तेव्हा या दोघं, शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावू. मडक्याचं काम हर्षदरावांना देऊ, गुणी हात आहे म्हणून.

जवळ आहेस तशीच राहा, एवढंच मागणं.

आबाकाका


लोधिवली
१५ डिसेंबर २०२४

ती. आबाकाका आणि ती. काकूंना रुचिताचा सा. न. वि. वि.

मैनाताईंना त्यांच्या शाळेत भेटून आलो. पत्र लिहायला बसले आहे खरी, पण कुठून सुरू करू कळत नाही.

तुमचं नाव काढल्यावर त्यांनी आधी तुमच्या तब्येतीची उलटतपासणी घेतली, मग चहा, मग पानं हातात घेतली. सहा उंचापुऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करून आलेल्या होत्या, तशाच चेहऱ्याने वाचत होत्या. चौथ्या पानावर थांबल्या. विचारलं, हा कोण. मी म्हटलं, भैरू. त्या म्हणाल्या, नाही गं, हा दुसराच कुणीतरी. भैरू पुढे कसा चालेल?

काका, आम्ही दोघांनी पानं खाली मांडून पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक चौकटीत भैरू पुढे आहे. तुमच्या ओळी आहेत त्या पानावरसुद्धा. वर तो झेंडा मिरवल्यासारखा पुढे, आणि खाली लिहिलंय मागे भैरू आहे. मी लिहिताना नुसतं वाटेने जातात असं लिहिलं, हर्षदने त्याला पुढे काढलं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. हर्षद बिचारा म्हणाला, नायक मागे गेला तर त्याचं तोंड शेंगदाण्याएवढं होतं. ताई म्हणाल्या, मग शेवटच्या पोराला मोठं काढा, त्याच्या मागे भैरू आपोआप मोठा होईल. नवऱ्याला माझ्यादेखत असं शिकवलेलं पाहून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

मग मी भीत भीत अकरावं पान पुढे केलं. त्यांनी वाचलं आणि हसल्या. हे व्हय, म्हणाल्या. त्यानंतर त्या वाडीतल्यासारखं बोलायला लागल्या. एकदा श्रावणात धुकं उतरलं होतं, मोठी पोरं पुढे निघून गेली आणि ताईंचं वळण चुकलं. कारवीच्या झुडपांत शिरल्या, बाहेर पडता येईना. एका दगडावर बसून राहिल्या. मी विचारलं, घाबरला नाहीत? तर म्हणाल्या, भैरू मागं हाय ना, मंग कशाची भीती. मी म्हटलं, पण तो तर वाट चुकत नाही. तर त्या म्हणाल्या, आगं, मी चुकले म्हंजे माज्या मागं चालनारा तोपन चुकलाच की. जानार कुटं बिचारा. दोगं बसलो. मग बा शोधत आला.

त्यांची तुमच्यावर एक तक्रार आहे, ती तशीच पोचवते. त्यांना वाटलं होतं की पुढच्या महिन्याच्या गोष्टीत हे येणार, भैरू गुरुजींना सांगेलच. अंक आला, त्यात नव्हतं. पुष्कळ दिवस त्या तुमच्यावर रुसल्या होत्या. तुम्हाला कळलं नसेल, म्हणाल्या, गुरुजी कवितेत असायचे.

हर्षद सगळी चित्रं नव्याने काढतोय. भैरू मागे गेलाय. ती चूक आमची होती आणि ती दाखवल्याशिवाय आम्हाला दिसली नाही. अकरावं पान तसंच आहे. पुढचं तुमच्यावर सोपवते, आता वाद घालणार नाही.

काकूच्या गुडघ्याला तेल लावत जा, कवितेत नसाल तेव्हा. तुमचा हात पाठीवर आहे असं समजूनच आहे.

तुमची रुचिता


कशेळे
२१ डिसेंबर २०२४

॥ श्री ॥

चि. रुचिताला, हर्षदरावांना आशीर्वाद. वि. वि.

पुडकं पुन्हा सोडून पाहिलं. खरंच, भैरू पुढे आहे. अकराव्या पानापर्यंतची चित्रं तीनदा पाहिली होती मी. करवंदीचे काटे मोजत बसलो आणि माणूस कुठे आहे ते पाहिलं नाही. चुकला म्हणून एवढा भांडलो, आणि पुढे चालतोय हे दिसलंच नाही.

मैनाचं वाचून काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, भैरू कुठे आहे हे एका मला ठाऊक असतं. आणि त्या श्रावणात मी इथे ओटीवर बसून कुठल्यातरी कडव्याची चाल बसवत असेन, आणि तो तिथे कारवीत पोरीच्या मागे बसून होता. वाट चुकून. माझ्याशिवाय. तिने त्याला सांभाळला आणि मला पत्ताही नाही. मैनाला सांग, गुरुजी म्हणाले, रुसणं बरोबर होतं.

सही करून कागद आज सकाळीच प्रकाशकांकडे रवाना केला. अकराव्या पानाला हात लावू नकोस.

एक मात्र ऐक. बाराव्या पानापासून पुढची पानं न वाचता या पत्रासोबत परत पाठवतोय. तो बाहेर कसा पडतो, पडतो की नाही, मला सांगू नकोस. फोनवर तर मुळीच नको, तुझ्या तोंडात काही राहत नाही. आजवर त्याची प्रत्येक वाट मी आधी चाललो आणि मग बाकीच्यांनी वाचली. आता मला छापलेलं पुस्तक हवं, इतर पोरांबरोबर.

काल तिन्हीसांजेला अंगणात नुसता बसलो होतो. काकू भिजवलेले वाल सोलत होती. विचारलं तिने, असं काय बसलाय. म्हटलं, भैरू वाट चुकलाय. ती म्हणाली, बरं. थोड्या वेळाने तिचे हात थांबले. विचारलं, मंग सापडल का वो त्याला? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. आज सकाळपासून तिने दोनदा विचारलं. मीही तिला तेवढंच सांगतोय, पुस्तक येऊ दे.

मन असंच आमच्याकडे असू दे, पायही लवकर वळू देत.

तुझा
आबाकाका