सटवाई वेशीपाशी होती

बाबा, तुमची नात कालपासून दवाखान्यात आहे. सातवा महिना चालू आहे. वेळेआधी कळा येऊ नयेत म्हणून तिला झोपवून ठेवलंय, आणि मी इथे जपानमध्ये, तिच्या वीतभर स्वयंपाकघरात एकटी बसून तुमच्यावर चिडले आहे. याआधी तिची दोन मुलं पोटातच गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला अजून तुम्हीच सापडता.

पाचव्या महिन्यात ती मला एका जागी घेऊन गेली. मोठी झाडं, दगडी पायऱ्या, लाकडी छप्पर, शांतता. जपान म्हणजे बुद्धाचा देश, हे राणीसावरगावच्या घरात तुम्हीच मला शिकवलेलं. मी चपला काढल्या, हात जोडून गुडघे टेकले आणि खड्या आवाजात त्रिसरण म्हणायला लागले. लोक वळून बघायला लागले. लेक कानाशी आली. "मम्मी, ऊठ. इथे बुद्ध नाहीत. हे देवाचं देऊळ आहे. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून येतात इथे." मी हात खाली घेतले. "देवाचं? जपानात? तुझ्या आजोबांनी घरातले देव गोदावरीत सोडले, ते वाहत इथे आले होय?" ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "मला भीती वाटते, मम्मी. डॉक्टर सगळं नीट आहे म्हणतात. मागच्या वेळीही म्हणायचे."

तिथे ओळीने लाकडी पळ्या टांगल्या होत्या, एकीलाही तळ नव्हता. त्यातून पाणी जसं न अडता खाली जातं तसं मूल यावं, म्हणून. मी बघत राहिले आणि मला आई दिसायला लागली.

आई गरोदर आहे, मी नुकती शाळेत जायला लागलेली. ती मला गुपचूप सटवाईला नेते, दगडाला हळद लावते, माझ्या कपाळाला लावते, म्हणते, "हात जोड, माय." घरी आल्यावर ते कपाळ तुमच्या नजरेला पडतं. धोतराच्या सोग्याने तुम्ही ते पुसता, इतकं चोळून की हळद जाते आणि लाली राहते. "दीक्षा घेतलीय आपण. बाळंतपणाला दवाखाना लागतो, दगड नाही." आई चुलीपुढून उठत नाही. भाकरी थापता थापताच म्हणते, "दवाखाना गंगाखेडला हाय. मला कोण न्यायलंय तिथं? सटवाई निदान वेशीपाशी तरी हाय."

ती पुन्हा गेली नाही. मूल अडलं तेव्हा शेजारून मागून आणलेली बैलगाडी गंगाखेडच्या अलीकडेच थांबली. घाई करायला कारण उरलं नव्हतं. ना ती राहिली, ना बाळ. सटवाईने तिला वाचवलं असतं असं मी म्हणत नाही, मी तुमचीच मुलगी आहे. तुम्ही बरोबर होतात. पण दवाखाना दारात यायच्या आधीच तुम्ही तिचा दगड काढून घेतलात, आणि उरलेले महिने तिने भीती नुसती गिळली. त्यावर तुम्ही कधी एक अक्षर बोलला नाहीत. मला नन्सच्या शाळेत ठेवताना एवढंच सांगितलंत, "प्रार्थनेला उभी राहा, हात जोडू नकोस." सिस्टर विचारायच्या, हाताला काय झालंय? मी म्हणायचे, "हात माझ्या वडिलांचे आहेत, सिस्टर." छडी मात्र माझ्याच हातावर बसायची.

तुम्हाला हवा होता तसा दवाखाना इथे आहे, बाबा. घरापासून हाकेच्या अंतरावर. यंत्रं आहेत, डॉक्टर आहेत, हळू बोलणाऱ्या नर्सेस आहेत. तरी सकाळचा चहा निवून गेलाय आणि मी फोनकडे बघत बसले आहे. भीतीला दवाखाना पुरत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं होतं. आता हे लिहिलेले कागद घडी करून डब्यांच्या मागे सारीन, दुसरं काय करणार.

एक राहिलं. त्या दिवशी देवळात लेक गरोदरपणी पोटाला बांधायचा सुती पट्टा घ्यायला रांगेत उभी राहिली, तेव्हा मी परत त्या पायऱ्यांशी गेले आणि हात जोडले. या वेळी तिथे बुद्ध नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.