ताई हिंदीत बोलली

रायपूर, रविवार, १२ जानेवारी २००३

आज मराठी साहित्यावर घोर अन्याय झाला. शंकर नगरच्या मराठी मंडळाने मला वाचनासाठी डुगडुगणारी प्लास्टिकची खुर्ची दिली. राजधानीत खुर्च्या डुगडुगायच्याच म्हणा!

वाचलं ते माझ्या विनोदी कादंबरीतल्या बनावट राज्याच्या बनावट भाषेबद्दल. तिचा हजार वर्षांचा इतिहासही मीच रचलाय. दरबारी लोकांच्या तोंडी 'ळ' शाबूत राहतो, वेशीबाहेरच्या गावंढळांच्या तोंडी झिजत झिजत 'य' होतो. गावंढळांचे संवाद मी हेल काढून म्हटले. लोक खो खो हसले. पुढच्या रांगेतली ताई तेवढी हसली नाही.

हसेल कशी? तो 'य' मी कुठे शोधला होता? आमच्या घरच्या बोलीत ताई डोळ्याला डोया म्हणते, तोच उचलला. आणि दिला कुणाला? गावंढळांना. तिच्यासमोर!

बाहेर आल्यावर विचारलं, "कसं वाटलं, ताई?"

"अच्छा था, भैया. घर चलो, चाय पी लो."

भैया! जन्मभर मला 'काहून रे पोट्ट्या' म्हणणारी माझी सख्खी बहीण, पाहुण्याशी बोलावं तसं हिंदीत बोलली. काम आहे म्हणून सटकलो. घरी बसवेना. डोया, डोया, हेच डोक्यात. शेवटी तेलीबांध्याला तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"ताई, माह्यं चुकलं. मले चहा दे."

कॉलेजात गेल्यापासून तिच्याशी असा बोललो नव्हतो. ती दारातून बाजूला झाली.

"बस नं मंग."

बसलो, आणि मघाशी नाकारलेला चहा निमूटपणे प्यालो.