दहा दिवसांची खोली

कुडाळ
६ जानेवारी २०२५

चि. सौ. श्रुतिका हिस आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवरचं निम्मं मला ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुझे बाबा मधे बोलून बिघडवतात, म्हणून पत्र. मांडीचं हाड जुळायला वेळ आहे, फेब्रुवारी संपेपर्यंत प्रवास बंद. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, तर आईच खाटेवर. तुझ्या सासूबाई असत्या तर एवढा घोर नव्हता.

सर्वेशरावांनी बाबांना सांगितलं, तू कुणी डौला ठेवलीस. ती सुईण नाही, नर्स नाही, मालिशवाली नाही. मग आहे तरी कोण गो? नुसती सोबत करायला परकी बाई?

एवढं ऐक. घरी आलीस की दहा दिवस वेगळ्या खोलीत राहा. सुवेर असतं. कुणी शिवायचं नाही, ताट दाराशी. त्या बाईलाही आत घेऊ नको. मला येता येत नाही, निदान एवढं तरी माझ्या मनासारखं कर.

प्रकृतीस जप.
आई

भांडुप
१३ जानेवारी

ती. आईस शि. सा. नमस्कार.

परकी बाई नाहूरची आहे, क्षमाताई. तिचं काम म्हणजे मी. कळ आली की कंबर कशी दाबायची ते तिने सर्वेशला शिकवलं. तो उशीवर सराव करतो, उशीची वाट लागली. डॉक्टर भराभर बोलतात ते ती सोपं करून सांगते. नंतर घरी येऊन मी कशी आहे ते बघणार. बाळाला बघणारे खूप असतात, म्हणते.

दहा दिवस पाळेन. वन बीएचकेत वेगळी खोली म्हणजे बेडरूम, सर्वेशची रवानगी हॉलमध्ये. तुला शब्द दिला. आता तरी नीट जेव.

तुझी,
श्रुतिका

भांडुप
३१ जानेवारी

ती. आईस शि. सा. नमस्कार.

मुलगी झाल्याचं बाबांनी सांगितलंच असेल. चौदा तास लागले. क्षमाताई जेवायलासुद्धा उठली नाही. तिथपर्यंत सगळं झकास.

आई, मी शब्द मोडला. रागाव हवं तर, पण पुरतं वाच.

घरी आल्यापासून दार बंद होतं. सर्वेश ताट ठेवायचा, मी उचलायचे, बरंचसं तसंच परत द्यायचे. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. ती रडली की मी भिंतीकडे बघत बसायचे. तिला घ्यावंसंच वाटत नव्हतं. सर्वेशला म्हणायचे, मी मजेत आहे.

सातव्या दिवशी क्षमाताई आली. सर्वेशने तुझं म्हणणं सांगितलं. ती वाद न घालता दाराबाहेर खुर्ची टाकून बसली आणि बंद दारातून विचारत राहिली, किती झोपलीस, काय खाल्लंस. मी खोटं सांगत गेले. मग तिने विचारलं, तुला स्वतःची भीती वाटते का? मला रडू फुटलं. ती म्हणाली, पहिले दिवस पुष्कळजणी रडतात, पण हे डॉक्टरला आजच सांगायचं. मात्र कडी तू काढ, तुझ्या आईचा शब्द मी मोडणार नाही.

मी काढली. त्याच दुपारी डॉक्टरकडे गेलो. औषध दिलंय, एकटं राहायचं नाही म्हणालेत. आता सर्वेश आत झोपतो. मी वाईट आई आहे का गं? खरं लिही.

तुझी,
श्रुतिका

कुडाळ
६ फेब्रुवारी

चि. सौ. श्रुतिका हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तू वाईट आई नाहीस. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.

तू झालीस तेव्हा मी अशाच खोलीत होते. सहाव्या दिवशी तू रडत होतीस. मी बाहेरून कडी घातली आणि परसात जाऊन बसले. किती वेळ, ठाऊक नाही. शेजारच्या नंदाने तुझं रडणं ऐकलं. सुवेर न बघता ती आत गेली, तुला उचललं, मग मला हाताला धरून घरात नेलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. माझ्यातच खोट आहे असं समजून चाळीस दिवस गप्प राहिले, आणि नंतर तीस वर्षं.

म्हणजे बाये, त्या खोलीत काय होतं ते मला माहीत होतं. माहीत असून तुला आत बसवलं. माझ्या आईने सांगितलं, मी तुला सांगितलं, विचार केला नाही. चुकलं माझं.

क्षमाला नमस्कार सांग. तिचं येणं बंद करू नको. औषध वेळेवर घे.

मार्च लागला की बाबा मला घेऊन येतायत. नातीला बघायला सगळं भांडुप येईल. मी तुझ्याशेजारी झोपायला येतेय.

लोभ तर आहेच, माझ्यावरचा तुझाही असू दे.
आई